उजव्या भिंतीवरचा खिळा

९ जानेवारी, मंगळवार

दुकान आज कायमचं बंद झालं. मालकीणबाईंनी स्वतः कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मुलीकडे बोलोन्याला निघून गेल्या. बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी राहून बटणं, फिती, लोकर आणि अस्तरं विकली. शेवटच्या गिऱ्हाइकाला शिंपल्याची चार बटणं हवी होती, डब्यात तीनच निघाली. चौथं मी माझ्या स्वेटरचं कापून दिलं.

घरात पाऊल टाकलं तर आईचं लक्ष पहिल्यांदा तिकडेच.

"वरून तिसरं कुठे गेलं?"

"विकलं."

"उद्या स्वतःला विकून येशील." असं म्हणत तिने सुईदोरा काढला आणि स्वेटर माझ्या अंगावर असतानाच दुसरं बटण लावून टाकलं. तपकिरी आहे. बाकीची पांढरी.

ही डायरी नाताळात औषधांच्या दुकानातून फुकट मिळाली. दर पानाखाली तब्येतीचा एक सल्ला छापलाय. पंचेचाळिसाव्या वर्षी रिकामी झालेल्या बाईसाठी काही आहे का, ते पाहिलं. कोमट पाणी प्या म्हणतात.

१४ जानेवारी, रविवार

चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर साव्हेरिओंनी दारातच अडवलं. ते दक्षिणेकडचे, कानात सांगायची गोष्टही चौकभर ऐकू जाईल अशी सांगतात.

"नीवेस, दर शनिवारी अँकोनाहून बस येते. माणसं चौकात उतरतात, आइस्क्रीम खातात, आपल्या दारातून आत डोकावतात आणि निघून जातात. त्यांना चर्च दाखवायला कोणीतरी हवं. नगरपालिका थोडाफार पगार देईल."

"मला चित्रांतलं काही कळत नाही, फादर."

"माझ्या झग्याला बटणं कुठली लावावीत यावर तू अर्धा तास बोलली होतीस. चर्च त्याहून सोपं आहे."

शिकवायचं काम देल्मोकाकांनी करायचं. वय चौऱ्याऐंशी, त्यातली साठ वर्षं या चर्चच्या झाडलोटीत, घंटेत आणि मेणबत्त्यांत गेलेली. पहिली फेरी सहा एप्रिलला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पास्त्यासाठी लाटलेली पोळी कापत होती. सुरी चालूच राहिली.

"लोकांच्या घरांना भिंती नसतात का, की दुसऱ्यांच्या बघायला बसने येतात?"

"आई, पहिल्या फेरीला तू येशील?"

सुरी थांबली.

"पाणी उकळतंय," ती म्हणाली. "मीठ टाक."

विचारायला नको होतं. पण इथे लिहायला हरकत नाही की, मला तेवढंच हवं आहे. नोकरीपेक्षाही.

आमच्या दारापासून चर्चच्या दारापर्यंत बासष्ट पावलं. लहानपणी मोजलेली. एकोणचाळीस वर्षांत आई ती चालून आत गेलेली नाही. देव मानत नाही असं मुळीच नाही. दर रविवारी ती टेकडीवरच्या कापुचिन साधूंच्या मठात जाते, एकशे बारा पायऱ्या चढून, दुखरे गुडघे घेऊन. बाबा गेले तेव्हा अंत्यविधीची सगळी मिस्सा ती बाहेर पायरीवर उभी होती, भर उन्हात, दोन्ही हातांत पर्स धरून. शवपेटी बाहेर आली तेव्हा मागोमाग चालू लागली. गावाला दोन वर्षं बोलायला पुरलं. मी एकदाच विचारलं होतं, का नाही आलीस आत? म्हणाली, "तिथे फार गार असतं."

जुलै महिना होता.

कारण सगळ्यांना माहीत आहे, मलाही. कोरादो. पंच्याऐंशीच्या जानेवारीत तो मोठा बर्फ पडला, तेव्हा आम्हा दोघा भावंडांना मेंदूज्वर झाला. मी सहा वर्षांची, तो साडेतीन. दवाखान्यातून मी परत आले. तो नाही. तेव्हापासून आईचा आमच्या चौकातल्या मारियामातेवर राग आहे. मठातल्यावर नाही, फक्त इथल्या.

२३ जानेवारी, मंगळवार

देल्मोकाकांचा पहिला धडा. खांबांपासून सुरुवात. चर्चचे बारा खांब बारा तऱ्हांचे आहेत, कारण ते कुठल्या कुठल्या पडक्या देवळांतून आणून उभे केलेत. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या स्वेटरसारखे." देल्मोकाका म्हणाले, "हेच सांग लोकांना. सन विसरतील, स्वेटर विसरणार नाहीत."

मग नवसांचं चॅपेल, चर्चच्या आतलंच एक छोटं दालन. लहानपणापासून पाहते आहे, पण रीत कोणी नीट सांगितली नव्हती. ती इथे उतरवून ठेवते, पाठ करायला बरी.

आधी खिळा, मग हृदय. नवस बोलणाऱ्याने खिळा स्वतः ठोकायचा. पहिल्या ठोक्याला, ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. मारियामाता पावली की त्याच खिळ्यावर चांदीचं हृदय टांगून नवस फेडायचा. ज्याच्यासाठी मागितलं त्याची भिंत, मागणाऱ्याची नव्हे. बायका आणि मुलींसाठी डावी, पुरुष आणि मुलग्यांसाठी उजवी. ज्यांचं मागणं फुकट गेलं ते येऊन देल्मोकाकांना सांगतात, आणि दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाची मिस्सा झाली की ते खिळे काढले जातात.

"काढायचे कशाला? राहू द्यावेत," मी म्हणाले.

"मग माणूस रोज येऊन त्याच्याकडेच बघत बसतो."

सकाळची गोष्ट लिहायची राहिली. आई रोज कॉफीच्या आधी माझ्या कपाळाला उलटा हात लावून बघते. कळायला लागल्यापासून रोज. आज मी चिडले.

"आई, मी पंचेचाळीस वर्षांची आहे."

"ताप काय वय विचारून येतो?"

२ फेब्रुवारी, शुक्रवार

मिस्सेनंतर देल्मोकाकांबरोबर चॅपेलमध्ये गेले. त्यांच्या हातात पक्कड, माझ्या हातात पत्र्याचा डबा. या वर्षी सात खिळे. प्रत्येक खिळा डब्यात पडायच्या आधी ते त्याच्यावर अंगठा फिरवत होते. सातवा अगदी नवा होता, चकचकीत. तो काढताना ते म्हणाले, "हा पोरगा माझ्याकडे घंटा वाजवायला यायचा."

उजव्या भिंतीवर एक आठवाही होता. जुना, गंजून काळा पडलेला, खूप खाली, माझ्या कोपराएवढ्या उंचीवर. हृदय नाही. मी डबा तिकडे नेला.

"तो नाही," देल्मोकाका म्हणाले.

"पण रिकामा आहे."

"जिचा आहे तिने अजून काही सांगितलेलं नाही."

"कोणाचा आहे?"

"नीवेस, तू लोकांना चर्च दाखवणार आहेस. माझ्या पोटातलं दाखवणार नाहीस. इथे घेतलेलं नाव तिघांतच राहतं. घेणारा, ती आणि मी." 'ती' म्हणताना त्यांनी मारियामातेकडे पाहिलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

उपवास सुरू होण्याआधीचा खादाडीचा गुरुवार. आईने सकाळपासून गोड भजी तळली, त्यांतली परातभर मी ओर्नेलाच्या बारमध्ये नेऊन दिली. ओर्नेला माझ्या वर्गातली. तिची जीभ आणि तिचं कॉफीचं यंत्र, दोन्ही दिवसभर वाफाळत असतात.

"गाईडबाई! आल्या का? चला, आम्हाला आमचाच चौक दाखवा. ही पाहा ओर्नेला, पंधराव्या शतकातली, डागडुजी चालू आहे."

हसता हसता मी त्या आठव्या खिळ्याचं सांगितलं. ओर्नेलाचा हात कपावर थांबला.

"तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अगं, तो तुझ्या आईचा आहे. पंच्याऐंशीच्या त्या गुडघाभर साचलेल्या बर्फात तुझी आई चौक ओलांडून गेली. डोक्यावर काही नाही, पायात घरातल्या सपाता. माझ्या आईने या खिडकीतून पाहिलं. आणि बाहेर आली तेव्हा देल्मोची हातोडी तिच्या हातातच होती. परत करायचीही शुद्ध नव्हती तिला."

म्हणजे माझ्यासाठी.

कोरादोसाठी असता तर केव्हाच निघाला असता. खिळा उजवीकडे आहे हे खरं. पण अशा अवस्थेत कोणत्या बाईला डावं-उजवं सुचेल? किंवा डाव्या भिंतीवर जागाच उरली नसेल. आईने माझ्यासाठी खिळा ठोकला, मी जगले, आणि तिने हृदय टांगलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस एकच विचार. मी न फेडलेला नवस आहे.

लोक इथे दुभती गाय वाचली म्हणून हृदय टांगतात. खरंच, डाव्या भिंतीवर एक आहे, १९२६ सालचं, कोरून लिहिलंय: बियांका, गाय. गायीचेही आभार मानले गेलेत.

आईला कोरादोचं दुःख आहे, ते मी लहानपणापासून वळसा घालून चालत आले. घरात त्याचा फोटो आहे, लाल टोपीतला, आणि ती टोपी कपाटात. मला कधी त्याचा हेवा वाटला नाही, असं मी इतकी वर्षं मानत होते. आज लिहिताना तेवढी खात्री वाटत नाही.

१९ मार्च, मंगळवार

बरेच दिवस लिहिलं नाही. धडे पाठ करते आहे. व्यासपीठ, घुमट, तळघरातली संताची हाडं. देल्मोकाका म्हणतात, हाडं सांगताना माझा आवाज फार आनंदी होतो.

आज आईला डॉक्टरकडे नेलं होतं. गुडघे बघून ते म्हणाले, पायऱ्या आता बंद. मठ बंद. आई त्यांच्यावरच उखडली. "तुम्ही जिना बांधा मग मठाला, हलणारा!"

परत येताना चौकात ती कमानींखालून चालत होती, नेहमीसारखी, चर्चच्या समोरून जायला नको म्हणून वळसा घेऊन. धापा टाकत. ते बघून माझं तोंड सुटलं.

"आई, बासष्ट पावलांवर चर्च आहे. ईस्टरला कुठे जाणार आहेस?"

"घरात क्रूस आहे."

"मला खिळ्याचं कळलंय."

ती थांबली. एका हाताने खांब धरला.

"ओर्नेलाच्या आईने पाहिलं होतं," मी म्हणाले. "माझ्यासाठी ठोकलास ना? मग मी वाचल्यावर एक हृदय नाही टांगावंसं वाटलं? चांदीचं नसतं, पत्र्याचं चाललं असतं. कोरादो गेला हे मला कळतं गं. पण मी आले होते ना परत?"

चौकात लोक होते. आई माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, आता चक्कर येणार हिला.

"ओर्नेलाच्या आईला काय माहीत," ती हळूच म्हणाली, "मी आत जाऊन काय मागितलं ते."

विषय टाळायची तिची ही नेहमीची पद्धत. मी तिचा दंड धरून घरी आणलं. जेवण झाल्यावर तिने माझ्या पुढ्यात संत्रं सोलून ठेवलं, पांढऱ्या शिरा एकूण एक काढून, लहान मुलाला देतात तसं. मी खाल्लं नाही.

२४ मार्च, रविवार

झावळ्यांचा रविवार. आमच्याकडे ऑलिव्हच्या डहाळ्या, चौकातच आशीर्वाद देऊन वाटतात. आई कमानीखाली उभी. मी तिच्यासाठी डहाळी घेऊन गेले, तर तिने विचारलं, "शनिवारी किती वाजता आहे तुझं ते?"

"येत्या नाही, त्याच्या पुढच्या. अकरा वाजता."

"उगाच विचारलं."

५ एप्रिल, शुक्रवार

उद्या. आरशासमोर तीनदा सगळं म्हणून झालं. कुठला स्वेटर घालायचा ते मात्र पक्कं, एका तपकिरी बटणाचा.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर आई पाठमोरी, काहीतरी खसाखसा घासत होती. ओट्यावर खाण्याचा सोडा सांडलेला. मला पाहून हातातली वस्तू एप्रनखाली गेली.

"काय घासतेस?"

"चमचे."

आमच्याकडे चांदीचे चमचे नाहीत. स्टीलचे चमचे सोड्याने कोणी घासतं का? तिचं वय होत चाललंय. एकटीला घरी ठेवून इतके तास बाहेर राहणं मला जमेल का, हा नवाच प्रश्न.

६ एप्रिल, शनिवार

क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

बसमधून एकोणीस माणसं उतरली, निवृत्त शिक्षकांचं मंडळ. दारातल्या खोक्यातून प्रत्येकाने पिवळा गोल स्टिकर घेऊन छातीवर लावला. टोपीवाले एक गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांतच दोनदा म्हणाले, "ते आम्हाला ठाऊक आहे." मी खांबांशी पोचले, स्वेटरचं बटण दाखवलं, लोक हसले, आणि हसणाऱ्यांच्या मागे मला आई दिसली.

दाराच्या आत. रविवारचा निळा कोट. छातीवर पिवळा स्टिकर.

मेणबत्त्यांशी बसलेले देल्मोकाका उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. मी कोणत्या खांबाबद्दल बोलत होते ते विसरले. टोपीवाले म्हणाले, "सातवा." मी सातव्यापासून पुढे चालू केलं. आई सगळ्यांबरोबर चालत होती, सगळ्यांच्या मागून, पर्स दोन्ही हातांत. घुमटाकडे बघा म्हटलं की बघत होती. हाडांपाशी क्रूसाची खूण केली. कोणालाही ती बसमधलीच वाटली असती.

मग चॅपेल. माणसं आत मावेनात, म्हणून अर्धवर्तुळात उभी केली. हृदयांवर मेणबत्त्यांचा उजेड होता. मी खिळ्याची रीत सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईने शाळेतल्यासारखं बोट वर केलं.

"बाई, एक विचारू?"

"विचारा," मी म्हणाले. आईला आयुष्यात पहिल्यांदाच 'विचारा' म्हटलं.

"हा एक खिळा रिकामा आहे. तो कोणासाठी ठोकला, ते कसं ओळखायचं?"

तिचा आवाज थोडाही हलला नाही. मी पाठ केलेलं म्हणू लागले, कारण पाठ केलेलंच तेवढं जिभेवर होतं. "ज्याच्यासाठी मागितलं त्याची भिंत, मागणाऱ्याची नव्हे. बायका आणि मुलींसाठी डावी." माझा हात डावीकडे गेला. "पुरुष आणि मुलग्यांसाठी..." हात उजवीकडे वळला आणि बोट त्या गंजलेल्या खिळ्यावर येऊन थांबलं.

"उजवी," टोपीवाल्यांनी वाक्य पुरं केलं.

घाईत स्वेटरचं पहिलं बटण चुकीच्या काजात जातं. मग सगळी एकेक करत नीट लागत जातात, काही चुकलंय असं कळतही नाही. शेवटी एक बटण उरतं, तेव्हा कळतं. तसं झालं.

"हा खिळा एका आईचा आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून येत होता. "तिने मुलासाठी मागितलं होतं. मुलगा राहिला नाही."

"मग काढला का नाही?" टोपीवाले. "तुम्हीच आत्ता सांगणार होता ना, न पावलेले काढतात म्हणून? माहितीपत्रकात आहे."

माझं बोट अजून खिळ्यावरच होतं.

"कारण मुलगी राहिली," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. एका शिक्षिकेने अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग पावली म्हणायचं की नाही पावली?"

"तेच ठरत नव्हतं," आई म्हणाली, आणि बाकावर बसली.

मी फेरी पुरी केली. कशी, ते आठवत नाही. घंटेच्या मनोऱ्यावर लोकांना समुद्राची रेघ दाखवली, जिना उतरताना डोकं सांभाळा म्हटलं, बसपर्यंत सोडलं. टोपीवाल्यांनी हात हातात घेतला. म्हणाले, "बाई, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

परत आले तेव्हा आई त्याच बाकावर होती. देल्मोकाका लांब, मेण खरवडण्याचं नाटक करत.

मी शेजारी बसले. ती भिंतीकडे बघत बोलली.

"डॉक्टर म्हणाले, मुलीची आशा सोडा. मुलगा कदाचित. तुझे डोळे वर गेले होते, पोरी. मी हाक मारली तर तू ओळखलं नाहीस. मला वाटलं, गेलेलं मागायला जाऊ नये. दोन मागितली तर हावरी म्हणेल आणि दोन्ही नेईल. म्हणून एकच नाव घेतलं. आणि तिने..." आईने हाताने काहीतरी उलटं केल्यासारखं केलं. "चौथ्या दिवशी तू पाणी मागितलंस."

"आई."

"थांब, बोलू दे. तू घरी आलीस त्या महिन्यात मी हृदय आणलं. पण टांगू कुठे? तो खिळा त्याचा. त्याच्या खिळ्यावर तुझं हृदय? आणि तुला तर मी मागितलंच नव्हतं. न मागता आलेल्याचे आभार कुठल्या खिळ्यावर टांगायचे? या मारियामातेसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? परवा तू चौकात म्हणालीस, पत्र्याचं चाललं असतं. तेव्हा वाटलं, मी तुला मागितलं नव्हतं हे तुला कळलेलं चालेल, पण तू मला नको होतीस असं तू समजू नयेस."

तिने पर्समधून रुमाल काढला. आत तळहाताएवढं चांदीचं हृदय. कडेला सोड्याची पांढरी पूड अजून अडकलेली. मागे कोरलेलं: नीवेस, मार्च १९८५.

मला वाईट वाटलं का? वाटलं. ही माझी डायरी आहे, इथे खोटं कशाला लिहू. आईने मला सोडून दिलं होतं, एका सकाळपुरतं का होईना. पण त्या सकाळी ती चौतीस-पस्तीस वर्षांची होती, आजच्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान. घरातल्या सपातांतली एक मुलगी. तिला जवळ घ्यावंसं वाटलं. ती मुलगी आता इतकी म्हातारी आहे की आम्हा दोघींना कसं धरायचं ते कळेना. मी तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. तिथे खरंच गार होतं.

देल्मोकाका पक्कड आणि हातोडी घेऊन आले.

"काका, आज काही दोन फेब्रुवारी नाही," मी म्हणाले.

"दोन फेब्रुवारीला दहा महिने आहेत. तोवर मी टिकेन असं तू लिहून देतेस का?" ते आईकडे वळले. "एलिदे, बोल. काय करायचं?"

"तो काढ," आई म्हणाली. "त्याला जाऊ दे आता."

देल्मोकाकांच्या हातात जोर नव्हता. आईच्याही नाही. पक्कड मी धरली. खिळा कुरकुरला आणि मग एकदम आला, आपणहून निघाल्यासारखा. भिंतीत लहानसं भोक राहिलं. आईने त्यात करंगळी घातली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. देल्मोकाका म्हणाले, सोमवारी चुना भरतो. ती म्हणाली, नको.

तोच खिळा आम्ही डावीकडे नेला, बियांका गायीच्या शेजारी जागा होती. आईने हातोडी घेतली. ती तिला दोन्ही हातांनी धरावी लागली, म्हणून खिळा मी धरला.

"मागायचं असतं आधी," देल्मोकाका म्हणाले. "रीत आहे."

"आता काय मागू? ही तर उभी आहे समोर."

"एलिदे, रीत म्हणजे रीत."

आईने हातोडी उचलली. पहिला ठोका खिळ्यावर कमी आणि माझ्या अंगठ्यावर जास्त बसला. पण नाव तिने मोठ्याने घेतलं, इतक्या मोठ्याने की घुमटातून परत आलं.

"नीवेस!"

हृदय तिनेच टांगलं. देल्मोकाकांनी नाक पुसलं आणि म्हणाले, मागणं आणि फेडणं एकाच दुपारी, साठ वर्षांत पाहिलं नाही.

अंगठ्याचं नख काळं पडलंय. त्यामुळे अक्षर असं आलं आहे.

७ एप्रिल, रविवार

आई मिस्सेला आली. दारापर्यंत तिने पावलं मोजली. तिची एकोणऐंशी झाली. "तू खोटं मोजलंस," म्हणाली.

ओर्नेला बारच्या दारात, हातात ट्रे, तोंड उघडं. काही न बोलता उभी राहिलेली ओर्नेला मी पहिल्यांदाच पाहिली.

४ मे, शनिवार

आज पाचवी फेरी. एका लहान मुलीने उजव्या भिंतीतल्या भोकाला बोट लावून विचारलं, इथे काय होतं? मी म्हणाले, खिळा. कोणाचा? माझ्या भावाचा, मी म्हणाले, आणि सगळ्यांना पुढे घेऊन गेले. हे आधी ठरवलेलं नव्हतं. भाऊ हा शब्द मी किती वर्षांनी उच्चारला कोण जाणे.

सकाळची गोष्ट लिहायची राहिली. कॉफी झाली, पाव झाला, आईने खिडकी उघडली, कबुतरांना शिव्या घातल्या, माझ्या चपलांना नावं ठेवली. कपाळाला हात लावला नाही. मग आठवलं, काल नव्हता लावला, परवाही नाही. एप्रिलपासूनच असेल, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिले. पाय निघेना.

"काय गं? काय विसरलीस?"

मी परत आत आले, तिच्यापुढे वाकले आणि कपाळ पुढे केलं.

"काय झालं?" तिचा चेहरा उतरला. "ताप आहे का?"

"बघ ना," मी म्हणाले.